तात्या सिंह बघायला गेले

जगातल्या प्रत्येक माणसाला मराठी येतं, फक्त काहींना ते अजून कळलेलं नाही, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझा सख्खा चुलता निघाला. घरात आणि गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. समोरच्याला आपलं बोलणं कळलं नाही, तर तात्या तेच वाक्य सावकाश आणि जरा मोठ्यानं म्हणतात. तरीही कळलं नाही, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात. तिसऱ्या खेपेलाही न कळलेला माणूस मला तरी आठवत नाही. बारामतीच्या बाजारात एकदा केरळकडचा नारळवाला त्यांना भेटला. तात्यांनी त्याच्याशी अर्धा तास पोरीबाळींच्या लग्नांवर चर्चा केली आणि शेवटी दोघंही डोळे पुसत उठले. कोण कुठल्या भाषेत रडला ते देव जाणे.

दुसरी खोड पाण्याची. आमचं गाव कळस, इंदापूर तालुक्यातलं. आमच्या मागच्या साऱ्या पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या. कॅनॉलचं पाणी आलं तशी मेंढरं कमी झाली आणि रानात भेंडी, मेथी, कांदा आला. पण आमचं रान पडलं कॅनॉलच्या फाट्याच्या अगदी शेवटाला, तिथं पाणी पोचेपर्यंत वरच्यांचे ऊस न्हाऊन निघालेले असायचे. त्यामुळं कुठंही गेलं की तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पानी कुठनं येतं?" लग्नाला गेले तर नवरीच्या आधी विहीर बघतात. माझ्यासाठी शेळगावात मुलगी पाहायला गेलो, तेव्हा कांदेपोहे येईस्तोवर हे बोअरवेलची खोली विचारून मोकळे झाले होते. मुलगी कशी वाटली म्हटल्यावर म्हणाले, "पानी चांगलं हाय."

तिसरी गोष्ट मात्र खोड म्हणवत नाही. मेंढका, म्हणजे मेंढरं राखणारा माणूस, मेंढरं आकड्यानं मोजत नाही. तो कळपावरून नुसती नजर फिरवतो आणि सांगतो, अमकी दिसत न्हाय. तात्यांची नजर तशीच. मेंढरं गेली, नजर राहिली. मग ते पंगती मोजायचे, एस.टी.तली माणसं मोजायचे, शाळेच्या सहलीहून परतलेली पोरं मोजायचे आणि मास्तरांच्या आधी सांगायचे की पाटलांचा धाकटा मागं राहिला.

अशा माणसाला घेऊन मी आफ्रिकेत गेलो. नव्वद सालानंतरची ती वर्षं, ठिबक सिंचन नवं होतं आणि मी बारामतीत त्याचंच काम करत होतो. केनियातल्या एका गुजराती शेठला आपल्याकडची भाजी तिकडं पिकवायची होती. नळ्या जोडणारा एक आणि भेंडी कळणारा एक, अशी दोन माणसं त्यांना तीन महिन्यांसाठी हवी होती. नळ्या जोडणारा मी. भेंडी कळणारा म्हटल्यावर तात्यांशिवाय कोण होतं?

निघायच्या आदल्या दिवशी आबांनी तात्यांना जवळ बोलावलं. आबा म्हणजे तात्यांचे वडील, माझे आजोबा. चाळीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस खुबा मोडून पडवीत पडून होता. लांडग्यांच्या गोष्टी सांगाव्यात तर आबांनीच. लांडगा कसा वाऱ्याची दिशा बघतो, कसा कडेची मेंढी उचलतो, हे ऐकायला कऱ्हाटीपर्यंतची माणसं येऊन बसायची. ते तात्यांना म्हणाले, "तितं सिंव्ह असत्यात म्हनं. एकदा डोळं भरून बघ. कसा चालतो, कसा बघतो, समदं ध्येनात ठेव आन मला यिऊन सांग. ह्या माळावर मला ह्ये सांगनारा कुनी न्हाय. लवकर ये, माझं काय खरं न्हाय." तात्यांनी आबांच्या गळ्याची शपथ घेतली. लगोलग सगळ्या गावाला सांगून टाकलं की आपण सिंह बघायला चाललोय, भेंडी आपली जाता जाता.

विमानात तात्यांनी घोंगडं पांघरलं. शेजारची बाई चौदा वेळा शिंकली, पंधराव्या खेपेला तिनं जागा बदलून घेतली. हवाई सुंदरीला त्यांनी विचारलं, "बाय, एवढ्या उंचावर नळाला पानी कुठनं येतं?" दुसऱ्या वेळेला सावकाश, तिसऱ्या वेळेला खांद्यावर हात ठेवून. मी खिडकीतून ढग बघत बसलो, हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असं दाखवत.

शेठ कामाला कडक, पण धर्माचा माणूस. त्यांच्या शेतापासून जवळ अनाथ मुलांचं एक घर होतं. दर शनिवारी शेतावरच्या दोन माणसांनी तिथं जाऊन फुकट राबायचं, असा त्यांचा नेम. आमची पाळी दुसऱ्या महिन्यात आली. बक्षीस म्हणून रविवारी शेठच्या गाडीतून जंगल दाखवणार होते. तोवर आबांचा निरोप दोनदा आला होता. ठरल्या वेळी मी फोन लावायचो, गावातल्या एस.टी.डी. बूथवर माझा धाकटा भाऊ येऊन उभा राहायचा. तब्येत, पाऊस, भाव काही न विचारता तो म्हणायचा, "आबा इचारत्यात, बघितला का?"

त्या घरात एकतीस पोरं होती. आम्हाला भाजीच्या वाफ्यांना ठिबक करून द्यायचं होतं. मी नळ्या पसरल्या. तात्यांनी पाणी कुठून येतं ते आधी विचारून घेतलं आणि मग पोरांना हाताशी धरून मेथी पेरली. इंग्रजीतला एक शब्द ज्यांच्या जिभेवर कधी टिकला नाही, त्या माणसानं एकतीस पोरांची नावं एका सकाळीत पाठ केली आणि एकातही चूक केली नाही. मग हुतूतू झाला. तात्या पडले, पोरं त्यांच्यावर पडली, आणि तिथल्या मोठ्या बाई, ज्या त्या घराचं सगळं बघायच्या, हसून हसून पायरीवर बसल्या.

दुपारी जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा होता. तात्यांनी चाखून मत दिलं, "पिठलंच हाय, हळद घालायची इसरलीया." आणि घास हातात तसाच धरून म्हणाले, "एक कमी हाय."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी पोरं मोजली, एकतीस भरली. तात्या ऐकेनात. "वांजिरू न्हाय. त्यो टोपीवाला जेवतोय, त्यो हितला न्हाईच." बघतो तर खरंच, शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा गुपचूप पंगतीत बसला होता. वांजिरू सापडली पाण्याच्या टाकीमागं. सहा वर्षांची पोर, पंधरा दिवसांपूर्वी आलेली, कुणाशी बोलायची नाही, गाडीचा आवाज झाला की लपायची. बाई तिला ओढायला निघाल्या तर तात्यांनी त्यांना अडवलं. तिच्यापासून चार हातांवर घोंगडं टाकून बसले आणि तिच्याकडं न बघता बोलायला लागले. तासभर बोलले. आमचा फाटा, त्याचं पाणी, वरचे उसवाले, पाणी सोडणारा पाटकरी, सगळं सांगितलं. आमच्या गावात ही कहाणी सुरू झाली की माणसं उठून जातात. ती पोर मात्र सरकत सरकत आली आणि घोंगड्याच्या टोकावर बसली.

संध्याकाळी तात्यांना कळलं की यातल्या एकाही पोरानं सिंह पाहिलेला नाही. जंगल तिथून दोन तासांवर, पण नेणार कोण? तात्या शेठपुढं उभे राहिले. "शेठ, ही पोरं आली तर मी येतो. न्हायतर ऱ्हायलं." शेठ म्हणाले, गाडी नऊ-दहा माणसांची आहे. तात्या म्हणाले, "आमच्या इंदापूरच्या वडापच्या जिपात चोवीस बसत्यात, आन वर कोंबड्या." बरीच घासाघीस होऊन आठ पोरं ठरली. वांजिरू नको, ती घाबरेल, असं बाई म्हणाल्या. रविवारी सकाळी बघतो तर ती घोंगडं अंगाभोवती गुंडाळून सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेली.

रविवारच्या त्या जंगलात आम्ही जनावरं बघितली आणि जनावरांनी तात्या बघितले. झेब्र्याला पाहून ते म्हणाले, गाढव चांगलं हाय पर कुनीतरी पट्टं मारायचा नाद केलाय. जिराफाला चारा टाकायचा तर शिडी लागणार, म्हणून त्यांनी तो नापास केला. पुढं माळावर हजारभर जनावरं चरताना दिसली आणि तात्यांचा चेहराच उतरला. "राखायला कुनीच न्हाय?" मी म्हटलं, जंगल आहे तात्या. "आसंना. एवढ्या कळपामागं एक बी मानूस न्हाय म्हंजी काय?" बराच वेळ ते मान वळवून मागं बघत होते. दुपार टळली तरी सिंह नव्हता. तात्या दर दहा मिनिटांनी ड्रायव्हरला खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "बाबा, आमचं म्हातारं वाट बघतंय रे." आणि शप्पथ सांगतो, तो माणूस मान डोलवत होता.

शेवटी परतीच्या वाटेवर ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. उजव्या अंगाला गवतातून सिंह उठला. चांगला दांडगा, मानेवर काळसर आयाळ. सावकाश चालत आमच्याकडंच आला, दहा-बारा पावलांवर थांबला आणि गाडीकडं बघत राहिला. मी उसना आणलेला कॅमेरा काढला आणि घाईघाईत बटण दाबलं. सात पोरं काचेला चिकटली. वांजिरूनं किंकाळी फोडली आणि ती तात्यांना बिलगली. सिंहानं एकदा आवाज दिला, तो छातीत ऐकू आला. मी म्हटलं, "तात्या, बघा, बघा."

तात्या बघत नव्हते. सिंहाकडं पाठ करून, दोन बाकांच्या मधे पाय रोवून, हात पसरून ते उभे होते. पोटाशी वांजिरू. डोळे एका पोरावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरत होते, ओठ हलत होते. आठ. पुन्हा आठ. मी त्यांचा सदरा ओढला, त्यांना कळलंही नाही. सिंह कंटाळून गवतात गेला, तेव्हा कुठं ते वळले. समोर नुसतं गवत हलत होतं.

परतताना तात्या पुन्हा एकदा आठ मोजून खाली बसले. मांडीवर वांजिरू होती, अंगभर घोंगडं. पुढच्या प्रत्येक रविवारी मी शेठच्या मागं लागलो, पण पाऊस सुरू झाला, रस्ते बंद पडले आणि आमची मुदत संपली.

कळसला आलो तर अंगणात निम्मं गाव. मी काढलेला फोटो बारामतीत धुऊन आणला होता. त्यात गवत होतं आणि एक पिवळा डाग होता. त्यावर तट पडले, सिंह आहे की कडब्याची गंज. तात्यांनी मग झेब्रा सांगितला, जिराफ सांगितला आणि सिंहावर आले. काय सांगितला म्हणता. आयाळ, जबडा, चाल, शेपटीचा गोंडा. मी बाजूला उभा होतो, मी सिंह प्रत्यक्ष पाहिला होता, आणि मलाही वाटलं, आपल्याकडून बराच बघायचा राहिला.

आबा बाजेवर उशाला टेकून ऐकत होते. पार वाळले होते. मधेच म्हणाले, "सिंव्ह आला तवा तू कुठं हुतास?"

"गाडीत, आबा."

"तोंड कुनीकडं हुतं?"

 तात्या जगात कुणालाही काहीही सांगतील, पण आबांना खोटं सांगणं त्यांना कधी जमलं नाही. खाली बघत म्हणाले, "गाडीत आठ पोरं हुती, आबा. ल्हान ल्हान. एक लईच भ्याली. माझं तोंड पोरांकडं हुतं."

"म्हंजी सिंव्ह बघितला न्हाईस."

"न्हाय, आबा."

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझ्या चुलत्याची तोवर कितीदा तरी लाज वाटली होती, त्या क्षणी मात्र हसणाऱ्याचं नरडं धरावंसं वाटलं.

"पोरं समदी माघारी आनलीस?" आबांनी विचारलं.

"आठीच्या आठ."

आबांनी अंगणाकडं मान वळवली. मग म्हणाले, "हासू नगा कुनी. मी तरी लांडगा कवा बघितलाय? लांडगा आला की मेंढक्याचं तोंड मेंढरांकडं. मेंढरं कुनीकडनं फुटली त्यावरनं वळखायचं, त्यो कुठनं आला त्ये. चाळीस वर्सं आला आन गेला, मी पाठमोराच. म्हनून म्हनलं हुतं, आपल्या घरातल्या एकानं तरी एकदा डोळं भरून बघावं."

 इतकी वर्षं ऐकलेल्या लांडग्यांच्या गोष्टी ज्यानं त्यानं मनात परत फिरवून पाहिल्या असाव्यात. तात्या उठून बाजेशी गेले आणि आबांचे पाय चेपत बसले. थोड्या वेळानं माणसं एकेक करून पांगली.

"ती भ्यालेली पोर," आबा म्हणाले, "निजली का मग?"

"निजली की. मांडीवरच निजली. बाईनं उचलून आत न्हेली तरी जागी झाली न्हाय."

"आन घोंगडं?"

"तिच्याच अंगावर ऱ्हायलं."

"बरं झालं," आबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.