चुऱ्याचा डबा

बेकरीत त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. सत्तावीस वर्षं एकाच भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? स्वभावानं तिरसट, तोंडानं फाटका. पण पिठाच्या गोळ्याला हात लावला की तो सैल आहे की घट्ट, हे डोळे मिटून सांगायचा. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट. भट्टीतून निघताना मोडलेली बिस्किटं, ट्रेच्या कडेला चिकटलेले तुकडे, सगळं दळून त्याचा चुरा व्हायचा आणि पत्र्याच्या एका डब्यात पडायचा. पुढचा गोळा सैल पडला की त्यात दोन मुठी चुरा टाकायचा. गोळा आवरतो आणि बिस्किटाला रंगही चढतो. बाकीचे कामगार मोजून टाकायचे. उस्तादाचा हात मात्र गप्पा मारता मारता डब्यात जायचा आणि काम करून बाहेर यायचा. डब्याकडे बघायची त्याला कधी गरजच पडली नाही.

नशिबाची थट्टा बघा. ज्या बेकरीचं निम्मं काम शेंगदाण्याच्या बिस्किटांवर चालायचं, तिथल्याच उस्तादाच्या मुलीला शेंगदाणा सोसत नव्हता. चिमी अडीच वर्षांची असताना तिनं बापाच्या शर्टाच्या खिशातला एक तुकडा शोधून तोंडात टाकला. पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टी लागली. ती वाचली, आणि डॉक्टरीणबाईंनी उस्तादाला समोर बसवून समजावलं. हा नखरा नाही आणि पोटाचा बिघाडही नाही, तिचं शरीर दाण्याला शत्रू समजून उठतं. थोडं थोडं चारून सवय लावायचे उद्योग घरी करू नका. कणभरसुद्धा पुरे होतो. श्वास अडकायला लागला तर आधी मांडीत इंजेक्शन, लगेच ॲम्ब्युलन्सला फोन. औषधाच्या बाटलीवर विसंबून राहायचं नाही.

कुणाचं न ऐकणाऱ्या उस्तादानं हे मात्र शब्दन् शब्द ऐकलं. तो बेकरीतच आंघोळ करायला लागला. कामाचे कपडे तिथेच ठेवायचे, घरी आल्यावर पुन्हा साबणानं हात धुवायचे आणि मगच लेकीला उचलायचं. चिमी दारातच विचारायची, "बाबा, हात?" आणि हा सहा फुटी माणूस पंजे पुढे करून गुपचूप तपासणी करून घ्यायचा. तिची बिस्किटंही तोच करायचा, आठवड्यातून एकदा, बेकरीचं काम सुरू व्हायच्या आधी. वेगळं भांडं, वेगळा ट्रे, नव्या पुड्यातलं पीठ, मोजून वीस बिस्किटं. बाबांनी केलेलं असेल तरच तोंडात घालायचं, हे चिमीला मुळाक्षरांच्या आधी पाठ झालं होतं.

शाळेत कुणाचा वाढदिवस असला की सगळी मुलं खाऊ खायची आणि चिमी आपला डबा उघडून बाजूला बसायची. आठव्या वाढदिवसाला तिनं बापाला गळ घातली. या वेळी सगळे माझं खातील, वर्गातली सगळी. उस्ताद हरखून गेला. सुट्टीच्या दिवशी बेकरी उघडून त्यानं कणीक मळायचं मशीन तीनदा गरम पाण्यानं धुतलं, ट्रे घासले, पिठाचं नवं पोतं फोडलं. बत्तीस मुलांसाठी बिस्किटं करायची होती. इतका मोठा घाणा त्यानं लेकीसाठी कधी केला नव्हता. शीळ घालत घालत त्यानं तो पार पाडला.

दुसऱ्या दिवशी दोन बिस्किटं खाऊन चिमी वर्गात कोसळली. वर्गाच्या बाईंनी तिला आडवं केलं, तिच्या दप्तरात कायम असलेलं इंजेक्शन मांडीत दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. दोन दिवस ती दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी तर डॉक्टरीणबाईंनीही काही खात्रीनं सांगितलं नाही.

मुलगी घरी आली तसा उस्ताद शाळेत जाऊन थडकला. तुमचं लक्ष कुठे होतं, कुणाच्या डब्यातलं खाऊ दिलंत तिला, असं त्यानं भर वर्गात विचारलं. बाई सांगत होत्या की त्या शेजारीच उभ्या होत्या, तिनं दुसरं काहीच खाल्लं नाही. ऐकतो कोण? जिनं मुलीचा जीव वाचवला तिलाच चार गोष्टी सुनावून, उरलेल्या बिस्किटांचा डबा उचलून तो बाहेर पडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हतं.

घरी त्यानं चिमीला धारेवर धरलं. कुणाचं खाल्लंस? ती म्हणायची, कुणाचंच नाही. तो ओरडला नाही. त्यापेक्षा वाईट केलं, तिच्याशी बोलणं टाकलं. डबा कपाटावर ठेवला आणि खरं सांगेपर्यंत बिस्किट मिळणार नाही, असं बजावलं. तीन दिवस बाप-लेकीत शब्द नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी, तो निघताना, चिमी जमिनीकडे बघत म्हणाली की घेतलं होतं, एका मुलीचं. उस्तादाला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच नंतर आयुष्यभर लाज वाटली. दुपारी तिला तिची बिस्किटं दे, असं बायकोला सांगून तो कामावर गेला.

दुपारी गोळा सैल पडला. उस्ताद भट्टीवाल्याशी जाळावरून हुज्जत घालत होता. बोलता बोलता त्याचा हात डब्यात गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या हाताकडे बघितलं. मूठभर चुरा होता, आणि चुऱ्यात शेंगदाण्याची लालसर सालपटं होती.

सुट्टीच्या दिवशीचा गोळाही सैल पडला होता. त्याला आठवलं. मग तो आवरला होता. कशानं आवरला होता?

वीस बिस्किटांच्या गोळ्याला चुरा कधी लागत नसे. मोठा घाणा दिसला आणि हातानं आपलं काम केलं. त्यानं सगळं धुतलं होतं, फक्त सत्तावीस वर्षांची सवय धुतली नव्हती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

त्यानं बायकोला फोन लावला. ती शिवणाच्या मशीनवर बसली की तिला फोन ऐकू येत नसे. तीनदा वाजून तो बंद झाला. उस्ताद तसाच पळत सुटला. रस्त्यात लोक बघत होते. पन्नाशीचा जाडजूड माणूस, कोपरापर्यंत पीठ, तोंडानं नुसतं नको, नको म्हणत होता.

घरात मशीनची घरघर चालू होती. चिमी टेबलापाशी बसली होती. समोरच्या ताटलीत दोन बिस्किटं होती. एकाचे तिनं बारीक तुकडे करून रांगेत मांडले होते. मोडलेल्या कडेला लालसर ठिपके होते.

"खाल्लंस?" त्याला धड विचारताही येईना.

तिनं नाही म्हणून मान हलवली. उस्ताद दारातच खाली बसला.

"तू कुणाचं घेतलं नव्हतंस ना?"

"नाही."

"मग सकाळी हो का म्हणालीस?"

चिमीनं एक तुकडा बोटानं सरळ केला. "ह्यानंच झालं होतं, बाबा. पहिलं खाल्लं तेव्हाच जीभ चरचरली. पण तुम्ही केलेलं होतं ना, म्हणून मी दुसरंपण खाल्लं." मग थोडं थांबून ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मशीन थांबलं. बायको काय झालं म्हणून बाहेर आली. उस्तादाला तिला सांगायचं होतं, शाळेतल्या बाईंचे पाय धरायचे होते, पण आधी त्याला लेकीला पोटाशी घ्यायचं होतं. तो उठला आणि त्यानं हात पसरले. चिमी खुर्चीवरून उतरून झटकन मागे सरली.

"बाबा, हात."

हाताला अजून चुरा लागलेला होता. तो नळाशी गेला. साबण लावून कोपरापर्यंत घासलं, नखं घासली, ॲप्रन आणि शर्ट काढून बाहेर फेकले, परत हात धुतले. मग नेहमीसारखे दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले.

चिमीनं लांबूनच बघितलं.

"परत धुवा," ती म्हणाली.

त्यानं परत धुतले. परत पुढे केले. ती भिंतीला पाठ लावून उभीच राहिली.