एप्सिलॉनचा दोष

पेशीचं विभाजन होण्याआधी डीएनएची नक्कल कशी होते, हे मी यवतमाळच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आले. अल्फा पॉलिमरेज नावाचं एन्झाइम नुसती सुरुवात करून देतं. थोडा तुकडा जोडून बाजूला होतं, आपल्या चुकाही तपासत नाही. पुढे एक धागा त्याच्याच जातीचं एप्सिलॉन सलग जोडत नेतं, दुसरा डेल्टा तुकड्यातुकड्यांनी. चुकीचं अक्षर लागलं तर ही दोघं तिथल्या तिथे ते काढून टाकतात. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. मुलं घोकायची, मी मार्क द्यायची.

मग नेरला शेतकऱ्याच्या घरी दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला चाळिशीच्या आतच आतड्याचा कॅन्सर निघाला. बोंडअळीचं वर्ष होतं ते. कपाशी हातची गेलेली, फवारताना विषबाधा झालेली माणसं दवाखान्यात पडलेली. ताईच्या आजाराचं खापरही सगळ्यांनी फवारणीवरच फोडलं. मलाही तेच खरं असायला हवं होतं. पण आमची आई याच आजारानं, याच वयात गेली होती, आणि तिनं जन्मात कधी शेत पाहिलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. दोष एप्सिलॉनच्या जनुकात निघाला. जोडणी चालू, चुका काढणं बंद.

मी ताईला सोपं करून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मंग माह्या पोरीले?"

"अर्धी शक्यता हाय," मी म्हणाले. असं पुस्तकी उत्तर दिल्याचा माझा मलाच राग आला.

"मंग लोकायले फवारणीच सांगत जा. तिचं लग्न जमून राह्यलं."

पुढे माझ्याही रक्ताचा रिपोर्ट आला. माझ्यात दोष नव्हता. ताईला मनापासून आनंद झाला. माझ्या तोंडावरून हात फिरवत ती म्हणाली, "मंग पोरीचाबी असाच येईन. तुह्यावरच गेली ना ते."

भाचीचे नाकडोळे खरंच माझे आहेत. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि ते कुणीतरी मीच होते.

"ताई, तिचं येगळं पाहा लागते. आधी समजलं त डॉक्टर दरसाल तपासत राह्यतीन."

ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भाची दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "मावशी, नागपूरले कधी जायचं?" तिनंच विचारलं.

तिचा रिपोर्ट मी ताईच्या खाटेजवळ उभी राहून वाचला. ताईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मले माफ कर वं माय."

आमच्या आईला हे कधी कळलंच नाही. नाहीतर तिनंही ताईची अशीच माफी मागितली असती.