थंडगार लेन्स आणि अम्मांचा फोटो

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी बहरीनमध्ये एसी दुरुस्त करायचो. नागपूरला आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा कोर्स केला होता, त्यावर व्हिसा मिळाला. मुहर्रकला एका जुन्या बिल्डिंगमध्ये खोली होती. समोरच्या दारात रत्नागिरीचे एक भाई राहायचे. एका व्यापाऱ्याकडे क्लार्क, माझ्याहून बारा-एक वर्षांनी मोठे. कॅमेऱ्याच्या सामानाचा विषय निघाला की त्यांच्यापुढे बिल्डिंगमध्ये कुणी बोलत नसे.

मला कॅमेरा घ्यायचा होता, म्हणून एका शुक्रवारी सल्ला विचारायला गेलो. भाईंनी पलंगावर धुतलेला टॉवेल पसरला आणि कपाटातून एकेक वस्तू काढून त्यावर मांडायला सुरुवात केली. दोन कॅमेरे, हातभर लांब झूम लेन्स, फ्लॅश, गोल डब्यांत तीन फिल्टर, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि एक ट्रायपॉड. फिल्मचे रोल कपाटात नव्हते. ते फ्रिजमध्ये, अंड्यांच्या खणात होते, कारण इथल्या उन्हाळ्यात रोल बाहेर राहिला तर रंग बिघडतात.

त्यांचा सल्ला चोख होता हे आजही मान्य करतो. सेकंडहँड घ्यायचा तर आधी बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवं साचलंय का बघा. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सरळ परत द्या. सुरुवातीला झूमच्या नादी लागू नका, झूम नसलेली पन्नास एमएमची एकच लेन्स घ्या आणि पायांनी पुढे-मागे व्हा. मी सगळं ड्यूटीच्या कागदामागे लिहून घेतलं. मग म्हटलं, भाई, तुम्ही काढलेले फोटो दाखवा ना.

भाई फिल्टर पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले की कॅमेऱ्यात आत्ता जो रोल आहे तो मागच्या ईदच्या आधीपासूनचा आहे. बटण दाबायची वेळ आली की त्यांचा हात थरथरायचा, आणि फोटोत माणसांची डोकी कापली जायची. घरच्यांनी त्यांना फोटो काढायला सांगणं कधीच सोडलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांची आई व्हिजिट व्हिसावर आली. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणायचो. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. अम्मांनी जन्मभर कुणाला फोटो काढू दिला नव्हता. पासपोर्टचा एकच फोटो होता, त्यात त्या फोटोवाल्यावर रागावल्यासारख्या दिसतात. पण गावाकडच्या त्यांच्या बहिणीचा समज होता की बहरीन म्हणजे नुसती वाळू. तिला दाखवायला समुद्राशेजारचा एक फोटो हवा, असं अम्मांनी स्वतःहून सांगितलं. एकदाच बसेन, पुन्हा नाही, ही अट घातली.

भाई दोन दिवस ऑफिसात हिशेबाच्या कागदांवर उजेड कुठून पडेल याची चित्रं काढत होते. मग माझ्याकडे आले.

"सामान माझं, बोट तुझं," ते म्हणाले. "माझ्या हातून अम्मांचं डोकं गेलं तर मला गावात तोंड दाखवता यायचं नाही."

ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून आम्ही शुक्रवारी सकाळी सहाला भाईंच्या गाडीने झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालो. सामान थंड राहिलं पाहिजे यावर भाई ठाम होते. कॅमेऱ्याची बॅग त्यांनी रात्रभर खोलीतल्या एसीसमोर स्टुलावर ठेवली होती, आणि गाडीत ती मी मांडीवर घेऊन एसीच्या झडपेला टेकवून बसलो होतो. मागे अम्मा शाल पांघरून होत्या. घरून आणलेली लाकडी खुर्ची डिकीत होती.

दार उघडून बाहेर पाऊल टाकलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. ते रोजचंच होतं, म्हणून तो पुसला. वाळूत खुर्ची मांडली, अम्मा बसल्या, मागे समुद्र. ट्रायपॉडचे पाय वाळूत शिरत होते, म्हणून भाई गुडघ्यांवर बसून एक पाय धरून राहिले. मी कॅमेऱ्यातून बघितलं तर अम्मांच्या जागी दुधात बुडवल्यासारखं काहीतरी दिसत होतं. पुन्हा चष्मा पुसला. तरी दूधच. मला वाटलं नंबर वाढला.

मी भाईंना सांगितलं की सगळं धुरकट दिसतंय. त्यांनी खालूनच सांगितलं की सकाळचा उजेड असाच मऊ असतो, मोठे फोटोग्राफर त्यासाठी मुद्दाम वेगळा फिल्टर लावतात, तू दाबत राहा. मी शर्टाने लेन्स पुसली, क्षणभर अम्मा दिसल्या आणि पुन्हा गेल्या. मी दाबत राहिलो. भाई हनुवटी वर, पदर डावीकडे, कॅमेऱ्याकडे बघ अशा सूचना देत होते. अम्मांनी पंधरा-वीस मिनिटं सगळं मुकाट्याने केलं.

शेवटी भाईंनी पाय बदलला, ट्रायपॉड कलला, आणि कॅमेरा पडू नये म्हणून झेप घेताना भाई स्वतःच आडवे झाले. कॅमेरा माझ्या हातात राहिला. अम्मा खुर्चीतून उठल्या आणि बोलायला लागल्या. लहानपणापासून हा असाच, याला धड उभं राहता येत नाही, म्हाताऱ्या बाईला उपाशीपोटी उन्हात बसवतो, असं बरंच काही. माझं बोट बटणावर होतं, ते दाबत गेलं. रोल संपला. अम्मांनी एवढ्या दिवसांत एकच अरबी शब्द उचलला होता, तो वापरला.

"खलास?"

मी म्हटलं, खलास.

फोटो धुऊन घ्यायला आम्ही मनामातल्या एका स्टुडिओत गेलो. काउंटरवरच्या मल्याळी माणसाने पाकीट उघडलं आणि पत्ते वाटावेत तसे फोटो मांडले. एकामागून एक पांढरे. त्याने हिंदीत विचारलं की कॅमेरा एसीतून काढून लगेच बाहेर वापरलात का. थंड काचेला दमट हवा लागली की पाणी धरतं, सप्टेंबरात दर आठवड्याला असे दोन रोल येतात.

गार कॉइलला दमट हवा लागली की पाणी सुटतं, हे वाक्य मी रोज किमान चार घरांत सांगत होतो. एसीतून पाणी का गळतं हे लोकांना समजावायचा मला पगार मिळायचा. भाईंनीही हे ओळखलं, पण चांगला माणूस असल्यामुळे गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. बसल्यावर एवढंच म्हणाले, "कोर्स किती महिन्यांचा होता तुझा?"

शेवटचे चार फोटो मात्र स्वच्छ आले होते. तोवर काच तापली होती. चारही फोटोंत अम्मा हात उगारून उभ्या, मागे निळाशार समुद्र, आणि कोपऱ्यात भाईंचे पाय. भाई ते लपवणार होते. अम्मांनी पाकीट मागून घेतलं, पांढरे फोटो बाजूला केले आणि त्या चारांतला एक उचलला.

"हा पाठव तिला. यात मी आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांत कोण बसलंय, मला ठाऊक नाही."

बहिणीचं उत्तर अम्मा परत जायच्या आत आलं. समुद्र दिसला, तब्येत ठीक दिसली, आणि आवाज इथपर्यंत ऐकू आला, असं तिने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं.

पुढे मी पन्नासच्या एका लेन्सचा कॅमेरा घेतला आणि हौशी लोक मला विचारायला लागले. मी सांगायचो, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बाहेर न्या, अर्धा तास तसाच राहू द्या, तो बाहेरच्याइतका गरम झाला की मगच पिशवी सोडा. लोकांना हे फार साधं वाटायचं. ते मग भाईंकडे जायचे.

दशक संपता संपता भाईंनी झूम लेन्स विकून डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच्या कार्डात मोजके फोटो मावायचे, पण डोकं कापलं गेलं तर लगेच दिसायचं आणि पुन्हा काढता यायचं, म्हणून त्यांचा हात थरथरायचा थांबला. ते भराभर फोटो काढायला लागले. कार्ड भरल्यावर त्यांचा फोन आला की नवा काढायचा तर जुना पुसावा लागतोय, कुणाला पुसू. मी म्हटलं, मेव्हण्यांपासून सुरुवात करा. ते गंभीरपणे हो म्हणाले. दोन मेव्हणे गेले. तिसऱ्याच्या वेळी भाईंच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी भाईंनी नवं कार्ड आणलं.