सर केजला गेलेत

केजच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ईश्वरीनं पीएच.डी.ला विषय घेतला होता परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा. तिथल्या धुरानं झाडांच्या पानांचं काय होतं, हा. तिचे सासरे शिवशरणअप्पा किराणा दुकानदार. सुनेच्या शिक्षणाचं कौतुक सगळ्यात जास्त त्यांनाच, त्यामुळे पहाटेच्या एसटीला सोडायलाही तेच यायचे.

मार्गदर्शक राधाकिशन सर औरंगाबादला. साल सत्त्याण्णव. खाजगी कंपन्यांची विमानं सुरू झाल्यापासून सर सारखे दिल्लीला. एका सोमवारी पाच तास धक्के खात ईश्वरी पोचली, तर दाराला कुलूप आणि ‘सर बैठकीसाठी दिल्लीला’ अशी चिठ्ठी. परळीचा संगमेश, सरांचाच विद्यार्थी, पायरीवर बसलेला.

“तिसरी खेप हाय माझी,” तो म्हणाला. “तेलगावच्या तेजश्रीनं तर येणंच सोडलं. पायानं अधू बाई, एसटीत चढायलाच दोघं लागत्यात तिला.”

परतताना पुढच्या ट्रकचा काळा धूर खिडकीतून आत आला आणि ईश्वरीला हसूच फुटलं. “धुरावर प्रबंध लिहायचा अन् धूर सोडत हिंडायचं!” बीड जिल्ह्यात सरांचे विद्यार्थी आठ. महिन्याच्या एकेका खेपेचे मिळून तीन हजार किलोमीटर व्हायचे, ते दहा मिनिटांच्या भेटीसाठी. घरी येताच तिनं पत्र लिहिलं : ‘सर, आम्ही आठ जण येण्यापेक्षा तुम्ही एकटे केजला या. एसटीनं. पुरणपोळी करते.’

पत्र पेटीत पडल्यावर मात्र तिला वाटलं, आगाऊपणाच झाला. पंधरा दिवसांनी कार्ड आलं : ‘रविवारी येतो. पुरण नको, मधुमेह आहे. भाकरी चालेल.’

अप्पांनी गोदाम झाडून शेंगदाण्याच्या पोत्यांमध्ये सतरंजी अंथरली. तेजश्री जीपच्या पुढच्या सीटवर बसून आली. तिला पाहून सर चमकले. “मला वाटलं, तुम्हाला रस नाही. यादीतून तुमचं नाव कमी करायलाच निघालो होतो.”

“रस लई हाय, सर. पाय न्हाई.”

 असं म्हणून तेजश्रीच आधी हसली, मग सगळे.

दिवस मावळेपर्यंत सरांनी आठही वह्या वाचल्या. उठताना म्हणाले, “दिल्लीच्या चर्चासत्राला विभागातून दरवर्षी एकालाच पाठवतात. अकरा वर्षं मीच गेलो. यंदा तेजश्री जाईल, रेल्वेनं. विमानाच्या एका तिकिटाच्या पैशात दोघी सहज जाल, ईश्वरी, तुम्ही तिच्या सोबतीला जा. अन् एका दिवसाच्या बैठकांना मी आता पत्रानंच मत कळवीन.”

“सर, मी आजवर बीडच्या पलीकडं गेले न्हाई,” तेजश्री घाबरून म्हणाली.

“मग तर जायलाच पायजे,” अप्पा मधेच बोलले.

फेब्रुवारीत परळीहून दोघी निघाल्या. दिल्लीत तेजश्रीनं खुर्चीत बसूनच कापसाच्या अळीवरचा निबंध वाचला, आणि टाळ्या संपेपर्यंत ईश्वरीचा हात घट्ट धरून ठेवला. बाहेर एका बड्या प्राध्यापकांनी विचारलं, “तुमचे सर दिसत नाहीत?”

“ते केजला गेलेत,” तेजश्री ऐटीत म्हणाली.

ते खरंच होतं. सर त्या दिवशी गोदामात बसून संगमेशचं तिसरं प्रकरण तपासत होते.