खडकातलं शेवटचं घर

किनाऱ्यावर एक रीत होती. ओहोटी आटपून वर येणाऱ्या बाईला कुणी ना कुणी विचारायचंच, "काय मिळालं?" आणि टोपलीच्या ओझ्याने कंबर मोडत असली तरी तिने म्हणायचं, "कुठलं काय, काही नाही." विचारणारीही त्याच तालमीतली असल्यामुळे कुणाचा गैरसमज होत नसे.

मावशी या रीतीत मुरलेली होती. सगळा किनारा तिला मावशी म्हणे. ज्यांच्या आईचं तोंड बघायला ती तयार नसे, तेसुद्धा. धंदा ऑक्टोपस धरण्याचा. पाणी ओसरलं की खडकावर गुडघाभर पाण्यात चालायचं आणि कपारीत लोखंडी सळई घालायची. आतला ऑक्टोपस चिडून सळईला मिठी मारतो आणि मिठीसकट बाहेर येतो. "रागाच्या भरात घराबाहेर पडू नये," मावशी सुनेला शिकवताना म्हणाली होती, "बाहेर टोपली असते."

एक धरला की त्याच कपारीत काही दिवसांनी दुसरा राहायला येतो. चांगली जागा कुठेच रिकामी राहत नाही. म्हणून बायका कपारींना घरं म्हणत आणि आतल्याला भाडेकरू. ही घरं सासूकडून सुनेकडे जात. तिथवर न्यायचं, सुनेचा हात धरून कपारीच्या तोंडावर ठेवायचा, की घर दिलं.

मावशीच्या सासूने सगळी घरं दिली, एक सोडून. ते द्यायचं ठरवलं तेव्हा तिची वाचा गेलेली होती. म्हातारी चादरीवर बोटाने काहीतरी काढून दाखवायची. एखादा खडक असेल, एखादं वळण असेल. मावशी "कळलं, कळलं" म्हणून मान हलवायची. कळलं काहीच नव्हतं. पुढे कितीतरी ओहोट्या तिने ते घर शोधण्यात घालवल्या. सापडलं नाही. "सासू घर बरोबर घेऊन गेली," बायका म्हणत. आपण असं करायचं नाही, हे मावशीने तेव्हाच ठरवलं होतं.

आता तिचे गुडघे संपावर गेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी पाण्यात जायला बंदी केली होती. सुनेला सगळी घरं देऊन झाली होती, एक सोडून. समुद्रगवत संपतं तिथल्या आडव्या कातळामागचं, सगळ्यात चांगलं. ते उद्या द्यायचं होतं, रोजच. तेही दिल्यावर घरात आपण कोण, शेंगा सोलणारी म्हातारी, हे ती मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे.

ते घर तिने जिवापाड लपवलं होतं. ऑक्टोपस खातो आत आणि खेकड्यांची कवचं, रिकामे शिंपले टाकतो दारात. त्या ढिगावरून पत्ता फुटतो. म्हणून मावशी प्रत्येक वेळी तिथला कचरा टोपलीत भरून लांब नेऊन टाकायची आणि तळव्याने वाळू सारखी करायची. घरातला केर तिने सुनेवर सोपवला होता. हा नाही.

त्या सकाळी तिने सळई उचलली तसा मुलगा म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला पोहता येतं का?" मावशी म्हणाली आणि सुनेकडे वळली. "चल."

सून अर्धं पाऊल मागे चालत होती. तोल गेला तर धरता यावं, पण धरलंय असं दिसू नये, इतक्या अंतराने. कातळामागे मावशी थांबली, सुनेचं मनगट धरलं आणि हात कपारीवर ठेवला.

"हे."

आणखी बरंच बोलायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

"आधी शिंपले उचल," ती म्हणाली.

"शिंपले नाहीत, आई."

"असतील. नीट बघ."

"एकही नाही. आई, मला वाटतं..."

तरण्या डोळ्यांना दिसू नये म्हणजे कमाल झाली, असं म्हणत मावशीने स्वतःच सळई घातली. आत दगडाला दगड घासल्याचा आवाज झाला. सुनेने तिचा हात घट्ट धरला.

"थांबा. आतून दगड लावलेत."

अंडी घातलेली मादी दार दगडांनी बंद करून घेते. अंड्यांवर पाणी खेळवत बसते, काही खात नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. असं दार किनाऱ्यावरची सगळ्यात हावरी बाईसुद्धा उघडत नसे. सुनेला मावशीने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ते हेच.

मावशीने बोटांनी चाचपलं. एक दगड सळईने सरकला होता. आतून एका भुजेचं गार, बारीक टोक आलं, तिच्या बोटाला लागलं, थबकलं, आणि दगड ओढून जागेवर घेऊन गेलं.

"मी मारलं असतं तिला," मावशी म्हणाली.

"नाही ना मारलंत."

"तुला कसं कळलं?"

"तुम्हीच नाही का माझा हात ठेवलात? दगड लागले हाताला." सून जरा घुटमळली. "आणखी एक सांगू? रागवाल."

"ऐकून ठरवते."

"हे घर मला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सापडलं होतं."

"कसं?"

"अख्ख्या खडकावर एवढी झाडलेली जागा हीच. समुद्रात कोण झाडतं, आई?"

मावशीने हातातल्या सळईकडे पाहिलं.

"आणि एकदाही सळई घातली नाहीस?"

"तुम्ही दिलं नव्हतं ना."

भरती लागली होती. मावशी त्या गुडघ्यांवर कशीबशी वाकली आणि तुटकं शेवाळ, दगडगोटे, खडकाचा चुरा, हाताला येईल ते मुठीमुठीने दारासमोर पसरू लागली.

"इकडे उजवीकडे थोडं," सून म्हणाली. "घाण दिसू दे जरा."

मावशीने उजवीकडे टाकलं. मग तिने सळई सुनेच्या हातात दिली आणि रिकाम्या हाताने तिचा खांदा धरला. या वेळी धरलंय हे लांबूनही दिसत होतं.

किनाऱ्यावर शेजारीण उभीच होती. "काय मिळालं?"

मावशीने तोंड उघडलं, पण उत्तर सुनेने दिलं, अगदी तिच्याच सुरात.

"कुठलं काय, काही नाही."

शेजारणीने रिकाम्या टोपलीत डोकावून पाहिलं. तरी तिचा विश्वास बसला नाही.