जागा बदलली की

दुबईत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे ते इंजिनिअर रत्नागिरीकडचे. साप हा शब्द कधी तोंडातून काढायचे नाहीत, कायम 'जनावर' म्हणायचे. त्यांच्याच मुलीने हट्टाने गार्टर सापाची पिल्लं पाळली. "बाबा, दे आर हार्मलेस!" तरी हे दारातूनच बघायचे.

मंदी आली, त्यांच्या साइटवरच्या क्रेन थांबल्या आणि त्यांनी बायको-मुलीला गावी पाठवलं. पिल्लं मागे राहिली. मग हेच त्यांचं सगळं करू लागले. वाटीतलं पाणी बदलायचे, लहान मुलाला भरवावेत तसे काटे काढून माशाचे बारीक तुकडे करायचे. नोकरीचं विचारलं की मात्र एकच उत्तर: "होईल वहिनी, इन्शाल्ला."

एका दुपारी काचेची पेटी छातीशी धरून ते दारात उभे राहिले.

"व्हिसा कॅन्सल झाला, खलास. जनावरं ठेवून घ्याल?"

मी एक पाऊल मागे सरले, पण नाही म्हणवेना.

एसीचा झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात त्यांनी पेटी ठेवली. आत पिल्लांना लपायला पुठ्ठ्याचं खोकं होतं, ते सरळ केलं.

"आठवडाभर हात लावू नका. जागा बदलली की खात नाहीत ती. घाबरायचं नाही, रुळतात."

"तुम्ही जेवलात का?" मी विचारलं.

पेटीत हात घालून त्यांनी ते खोकं पुन्हा सरळ केलं. ते सरळच होतं.