तहकूब सभेचे रोडगे

हे पाहा, चहा घ्या, पण हसायचं नाही. मी केलेला शहाणपणा मीच सांगून राह्यलो. गावातला दुसरा कोणी तिखट-मीठ लावून सांगन, त्यापेक्षा माह्या तोंडून ऐकलेला बरा.

तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ग्रामसभा म्हणजे काय, कोरम म्हणजे काय, सगळं पोरांकडून पाठ करून घेतलं. सभा चालवायले कमीत कमी जेवढी माणसं हजर पाहिजेत तेवढा कोरम. आमच्या गावाले शंभर लागतात. आता इतकं सारं येत असल्यावर माणूस गप बसते का? नाही बसत! तिथंच घात झाला.

आमचं गाव मोताळ्याच्या पलीकडं. डांबरी रोडच्या कडेले एका लेआउटवाल्यानं जमीन घेतली. बंगल्यांची कॉलनी, मोठी कमान, भोवताल भिंत. गावातल्याच नोकरदार लोकांनी त्यात प्लॉट धरून ठेवले. ग्रामपंचायतीची ना-हरकत पाहिजे म्हणून ग्रामसभा लागली, अन् कॉलनीचा नकाशा ऑफिसच्या दाराशी चिकटवला.

मी चष्मा लावून पाह्यला त नकाशात आमची पांदणच गायब! पांदण म्हणजे वावरात जायचा बैलगाडीचा रस्ता. त्या जागेवर सरळ भिंत!

त्या पांदणीच्या टोकाले सुमनबाईचं दोन एकर वावर. नवरा गेल्यापासून बाई एकटी वांगे, मेथी, मिरच्या पिकवते अन् आठवड्याच्या बाजारात नेऊन विकते. पांदण बंद झाली त तिची गाडी बंद, तिचं घर बंद. पांदणीवर आणखी आठ-दहा जणांची वावरं होती, पण बाकीच्यांले फेऱ्यानं का होईना, दुसरी वाट होती. तिले नव्हती.

मी पेटलोच. तिच्या अंगणात जाऊन उभा राह्यलो.

"सुमनबाई, बिलकुल काळजी करू नका. मी आहो ना!"

"थे त दिसतेच गुरुजी. पण करायचं काय?"

"सभेलेच जायचं नाही! कोरम नाही त सभा नाही, सभा नाही त ठराव नाही, ठराव नाही त भिंत नाही!"

"अन् आपलं म्हणणं कोण सांगन मंग?"

"सांगायची गरजच काय? सभाच नाही होणार!"

बाई काही बोलली नाही. मले वाटलं, तिले पटलं. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस मी, बाईमाणूस गप बसली म्हणजे पटलं असा अर्थ काढतो! सांगा आता.

पहिल्या सभेच्या दिवशी मी ग्रामपंचायतीसमोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडलं. येईन त्याले वापस पाठवून राह्यलो. आमचा आत्माराम हातात अर्ज घेऊन आला.

"कुठं बे?"

"सभेले."

"काऊन?"

"गल्लीतला नळ बंद हाय गुरुजी. पंधरा दिवस झाले."

"पांदण जाऊन राह्यली अन् तुले नळाचं पडलं? चल, घरी जा!"

बिचारा गेला. ग्रामसेवक आत टेबलावर हजेरीचं रजिस्टर मांडून तास-दीड तास माशा मारत बसला. वीस-बावीस सह्या झाल्या. शेवटी त्यानं बाहेर येऊन सांगितलं, "कोरमअभावी सभा तहकूब!" म्हणजे पुढं ढकलली. बाप्पा बाप्पा! लोकांनी माह्या पाठीवर अशा थापा मारल्या का दोन दिवस बाम लावत होतो.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीनं ऑटोवर भोंगा लावून गावभर फिरवला. तहकूब सभा येत्या सोमवारी दुपारी बारा वाजता. मी ओट्यावर बसून हसलो. "येऊ द्या! पुन्हा पाडू!"

पण एक भेव होतं. आठ दिवसांत लोक सुस्तावतात, कोणी सहज चक्कर मारायले म्हणून सभेत जाऊन बसते. त्यांले गावाबाहेर ठेवायचं कसं? अन् मले सुचलं. रोडगे!

तुम्ही वऱ्हाडातले नसान त सांगतो. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यात तूप सोडायचं, संग वरण अन् वांग्याची झणझणीत भाजी. वावरातल्या रोडग्याचं आवतन आलं अन् माणूस घरी थांबला, असं आमच्याकडं आजवर घडलं नाही. सोमवारी बारा वाजता माह्या वावरात, निंबाखाली. ट्रॅक्टरची ट्रॉली दोनदा भरून माणसं नेली. सत्तर-ऐंशी जण! सभेत पांदणीच्या बाजूनं बोलू शकणारा एक न एक माणूस मी हुडकून हुडकून निंबाखाली आणून बसवला. हे नीट ध्यानात ठेवा.

सुमनबाईलेही आवतन होतं. ती आली नाही, पण भाजीसाठी टोपलंभर वांगे धाडले. मी म्हटलं, किती भली बाई!

पंगत बसली. मी तुपाचं भांडं घेऊन फिरून राह्यलो, ग्रामसेवक रिकाम्या खुर्च्या कसा मोजत असन त्याची नक्कल करून राह्यलो, अन् पंगत हसून लोळून राह्यली. रहीमचाचा कोपऱ्यात जेवत होते. ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून सारी नोकरी केलेला माणूस. त्यांनी शांतपणे घास गिळला अन् विचारलं,

"गुरुजी, एक बात विचारू का? तहकूब सभेले त कोरम लागत नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकदा तहकूब झालेली सभा पाच माणसात बी चालते. कायदाच हाय तसा."

माह्या हातातलं तूप आत्मारामच्या धोतरावर.

"चाचा! हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही एवढे शिकेल माणूस. मले वाटलं, तुमची काही चाल असन!"

मंग काय विचारता! अर्धे रोडगे निखाऱ्यात, अर्धे हातात, अन् सगळे ट्रॉलीत. त्या ट्रॉलीत मले खरंच रडू येऊन राह्यलं होतं. एका बाईचं वावर जाणार, अन् तिच्याच वांग्याची भाजी माह्या पोटात!

पोचलो त सभा संपलेली. सुमनबाई पायऱ्या उतरून राह्यली होती.

"बाई, मले माफ करा," मी म्हटलं. "माह्यामुळं तुमची पांदण गेली."

"कुठं गेली? हाय तिथंच हाय. बारा फूट रस्ता मोकळा ठेवला त ना-हरकत, नाहीतर नाही. लिहून घेतलं मी, सहीनिशी."

"पण... आत त सगळे प्लॉटवालेच होते ना?"

"म्हणून त बरं झालं. मी त्यांले एवढंच विचारलं, पावसाळ्यात साऱ्या शिवाराचं पाणी पांदणीनं नाल्याले जाते. भिंत घातली त थे कुठं जाईन? तुमच्याच घरात ना? मंग तेच भांडले लेआउटवाल्याशी. मले जास्त बोलावं बी नाही लागलं."

"तुम्हाले माहीत होतं का, कोरम लागत नाही म्हणून?"

"मले कोरम-बिरम नाही समजत गुरुजी. माह्या वावराचा रस्ता जाऊन राह्यला अन् मी रोडगे खात बसू का?" अन् वरून विचारते, "वांगे कसे होते?"

मी म्हटलं, चांगले होते. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात मागून ग्रामसेवक आला. मले वाटलं, आता हा माहा उद्धार करते. त्यानं हात जोडले! म्हणे, "गुरुजी, तुम्ही असते त दोन तास भाषण झालं असतं, प्लॉटवाले चिडून आडवे झाले असते, अन् पांदण नक्की गेली असती."

मी मनाशी ठरवलं, आता पुढची एकही सभा चुकवायची नाही. महिन्याभरानं सभा लागली त मी पहिल्या रांगेत. ग्रामसेवकानं अभिनंदनाचे ठराव वाचायले घेतले. पहिला सुमनबाईचा. टाळ्या! दुसरा माहा! मी टोपी सारखी करून उभा राह्यलो.

ग्रामसेवकानं वाचलं, "पांदण रस्त्याच्या विषयावर गुरुजींनी सभेस गैरहजर राहून, तसेच बोलघेवड्या ग्रामस्थांना सोबत नेऊन जे मोलाचे सहकार्य केले, त्याबद्दल ही सभा त्यांचे अभिनंदन करते."

सूचक सुमनबाई. अनुमोदक रहीमचाचा. ठराव एकमतानं मंजूर.

अन् कोरम? पुरा होता भाऊ, वर पन्नास जास्तच! दोन दिवस घरोघरी फिरून मीच त गोळा केला होता.